२००९ ची शिक्षा आता आडवी आली: अपील, रिव्हिजन की थेट हायकोर्ट?

समुद्रफेन
नमस्कार मंडळी. माहेर सिंधुदुर्गात किनाऱ्यावर, आता लग्न होऊन रत्नागिरीत असते. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे, घरात सगळ्यांची झोप उडालीय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००६ च्या मे महिन्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे लावायची यावरून आमच्या वाडीची आणि शेजारच्या वाडीची मारामारी झाली. दोन्हीकडच्या लोकांना लागलं. आमच्याकडच्या सात जणांवर केस झाली, आयपीसी १४३, १४७, १४९, ३२३, ५०४, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, अपमान असं सगळं, आणि वल्ह्याने मारलं म्हणून ३२४. दादा त्यात सगळ्यात लहान. तीन वर्षं तालुक्याच्या कोर्टात नुसत्या तारखा. २००९ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या वकिलांनी सगळ्यांना सांगितलं की कबूल करून टाका, कोर्ट उठेपर्यंत बसायचं, दंड भरायचा आणि घरी जायचं. तसंच झालं. संध्याकाळी सगळे घरी आले, आईने देवाला नारळ दिला, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

आता बाबा गेले, ते सरकारी नोकरीत होते, अनुकंपाच्या यादीत दादाचा नंबर आलाय. चारित्र्य पडताळणीत हे निघालं. एका ओळखीच्यांनी सांगितलं की थेट कोल्हापूरला हायकोर्टात रिट टाका आणि शिक्षा रद्द करून घ्या. दुसरे म्हणतात आधी सेशनला अपील. तिसरे म्हणतात कबूल केलंय ना, मग काही होत नाही, नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. नक्की काय करायचं? इतक्या वर्षांनी काही करता येतं का?

रेडीबंदर
ताई, खरंच वाईट वाटलं वाचून. आमच्याकडेपण असे कितीतरी जण आहेत, कबूल करा आणि मोकळे व्हा म्हणून पाठवलेले. रिटबद्दल मला कळत नाही पण मुदत तर कधीच संपली असणार ना?

ओरोसचा_वकील
सेशनला प्रॅक्टिस करतो म्हणून लिहितो. संपूर्ण फाईल बघितल्याशिवाय दिलेला सल्ला पक्का धरू नका, पण दिशा सांगता येते.

मुदत संपली म्हणजे दार कायमचं बंद झालं असं नसतं. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन कोर्टात अपील करायला ३० दिवस, सेशनच्या शिक्षेवर हायकोर्टात ६० दिवस, रिव्हिजनला, म्हणजे वरच्या कोर्टाकडून खालचा निकाल तपासून घ्यायला, ९० दिवस, हे लिमिटेशन अॅक्टमध्ये आहे. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झाला तर त्याच कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि उशीर का झाला ते खरंखरं सांगायचं. सतरा वर्षं हा मोठा विलंब आहे, कोर्ट विचारणारच. "आम्हाला माहीत नव्हतं" एवढ्या एका ओळीवर भागत नाही.

पण ताई, तुमच्या भावाच्या केसमध्ये खरी अडचण मुदतीची नाही, कबुलीची आहे. सीआरपीसी, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची तो जुना कायदा, त्याचं ३७५, आताच्या बीएनएसएसचं ४१६. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावर मॅजिस्ट्रेटने दोषी ठरवलं तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील चालत नाही, फक्त शिक्षा जास्त आहे किंवा ती कायद्यात बसत नाही एवढंच अपिलात म्हणता येतं. कोर्ट उठेपर्यंतच्या शिक्षेला जास्त कोण म्हणणार. म्हणून साधं अपील टाकलंत तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला ३७५ दाखवतील.

आबा_हर्णै
मग ते तिसरे म्हणतात तेच खरं? गप्प बसायचं?

ओरोसचा_वकील
नाही आबा. रिव्हिजन आहे. सीआरपीसी ३९७ आणि ४०१, आता ४३८ आणि ४४२. जिथे अपील करता येत होतं पण केलं नाही तिथे त्याच माणसाची रिव्हिजन घेत नाहीत, हा नियम ४०१ च्या पोटकलम ४ मध्ये आहे. पण कबुलीच्या केसमध्ये दोषसिद्धीवर अपीलच नव्हतं, म्हणून ती आडकाठी इथे लागत नाही. खालच्या कोर्टाने कबुली नीट घेतली का, दोषारोप वाचून समजावून सांगितला का, कबुली प्रत्येकाची वेगळी आहे का, स्वखुशीची आहे का, हे सगळं रिव्हिजनमध्ये बघता येतं. सेशन किंवा हायकोर्ट, एकाच ठिकाणी जाता येतं. सेशनला जाऊन हरलात आणि मग तीच रिव्हिजन घेऊन हायकोर्टात गेलात तर चालत नाही, म्हणून कुठे जायचं ते आधीच ठरवायला लागतं.

आणि ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच्याकडे जाऊन "साहेब निकाल बदला" म्हणण्यात अर्थ नाही. सही झालेला निकाल तेच कोर्ट बदलू शकत नाही, फक्त लिहिण्यातली किंवा आकड्यातली चूक दुरुस्त करतं. जुनं ३६२, नवीन ४०३. दिवाणीत रिव्ह्यू असतो म्हणून लोक इथेही तसंच धरतात.

चिपळूणची_वहिनी
रिटबद्दल मी सांगते, आमच्या घरात झालंय म्हणून. माझ्या दिरांची शिक्षा सेशनच्या अपिलातपण कायम झाली होती. कुणीतरी सांगितलं राज्यघटनेच्या २२६ कलमाची रिट टाका, लवकर लागते. टाकली, तेव्हा मुंबईलाच जावं लागायचं. कोर्टाने पहिला प्रश्न केला की तुम्हाला रिव्हिजनचा मार्ग होता तो का नाही घेतला. शेवटी पुन्हा योग्य अर्ज करायची मुभा घेऊन मागे घ्यायला लागली. मग रिव्हिजन, विलंब माफी, सगळं नव्याने. चुकीच्या दारात गेलेला वेळ उशिराचं कारण म्हणून सांगता आला एवढंच. आणि मधल्या काळात २२ जुलै २०२१ चा पूर, घरात कमरेच्या वर पाणी, निकालाची नक्कल, जामिनाचे कागद, वकिलाची पत्रं सगळ्याचा लगदा झाला. कपाटातून काढताना पानाला पान चिकटलेलं, कोर्टाचा निळा शिक्का तेवढा ओळखू येत होता. नक्कल परत काढता आली पण त्यात किती महिने गेले. म्हणून सांगते, कागद मिळाले की स्कॅन करून दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवा.

समुद्रफेन
वहिनी, आमच्याकडे तर एकही कागद नाही. दंडाची पावतीसुद्धा नाही.

मालवणी_माणूस
अगो बाय, आधी कोर्टात जावन नक्कल काढ, मगे काय ता ठरव. कागद हातात नाय आणि हायकोर्टाच्यो गजाली कसल्यो!

ओरोसचा_वकील
मालवणी माणसाने बरोबर सांगितलं. अर्ज करताना नुसता निकाल मागू नका. निकाल, दोषारोप, कबुली जिथे नोंदवलीय ते पान, आणि त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे कोर्टात त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, एवढं सगळं मागा. पोलिसांच्या दोषारोपपत्राची प्रत मिळाली तर तीपण. केस नंबर माहीत नसेल तर पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष चालतं, पडताळणीच्या अहवालात तो असतो. २००९ ची केस ई-कोर्टच्या साईटवर सापडेलच असं नाही, कोर्टाच्या निकाली रजिस्टरमध्ये शोधायला लागते. फाईल जिल्ह्याच्या रेकॉर्डला गेली असेल तर तिथून मागवतात. लहान केसची काही कागदपत्रं ठराविक वर्षांनी नष्ट करतात, तसं झालं असेल तर तसा शेरा लेखी घ्या, तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. अपील ऐकणाऱ्या कोर्टासमोर रेकॉर्डच नसेल तर शिक्षा तशीच कायम करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये जितेंद्र कुमार रोडे यांच्या केसमध्ये म्हटलंय, त्यामुळे "फाईल नाही" हा शेराही उपयोगाचा असतो.

आबा_हर्णै
एक विचारू का, राज्यपालांकडे माफीचा अर्ज करतात तो?

ओरोसचा_वकील
राज्यघटनेचं १६१ कलम. त्याने शिक्षा कमी होते किंवा माफ होते, कोर्टाचा निकाल चुकीचा होता असं ठरत नाही. भोगून झालेल्या एक दिवसाच्या शिक्षेला माफी मागून पडताळणीत काय फरक पडणार. ज्यांची माणसं आत आहेत त्यांच्यासाठी तो मार्ग आहे.

घाटाखालचा
शिक्षेला स्टे घेतला तर? राहुल गांधींना सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिला होता ना, आणि खासदारकी परत मिळाली.

ओरोसचा_वकील
तो दोषसिद्धीला स्टे होता, आणि त्यांचं अपील सेशनला चालू होतं. या दोन गोष्टी लोक एकच धरतात. शिक्षा स्थगित झाली की माणूस बाहेर राहतो, पण दोषी हा शिक्का तसाच असतो. दोषसिद्धी स्थगित व्हायला खास कारण लागतं, निवडणूक, पद, असं भरून न येणारं नुकसान दाखवायला लागतं, आणि मुळात अपील किंवा रिव्हिजन दाखल असायला लागते. हवेत स्टे मिळत नाही. समुद्रफेन यांनी रिव्हिजनसोबत तो अर्ज जरूर करावा, मिळेल की नाही हे कोर्टावर.

खाडीपलीकडे
मी वकील नाही, निवृत्त मुख्याध्यापक आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. ताई, तुम्ही लिहिलंत की दादा सगळ्यात लहान. २००६ च्या मे मध्ये त्याचं वय काय होतं? जन्मतारीख सांगाल का?

समुद्रफेन
सर, दादाचा जन्म नोव्हेंबर १९८८ चा. बारावीची परीक्षा देऊन नुकता घरी होता. केसमध्ये मात्र १९ लिहिलं होतं असं तो म्हणतो, तेव्हा कुणी विचारलंच नाही, सगळ्यांची नावं-वयं एकानेच सांगितली.

खाडीपलीकडे
म्हणजे साडेसतरा.

ओरोसचा_वकील
सर, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर मी वरचं अर्धं लिहिलंच नसतं.

घटनेच्या दिवशी १८ पूर्ण नव्हते म्हणजे तुमचा दादा कायद्याने बालक होता. त्याची केस मॅजिस्ट्रेटच्या नेहमीच्या कोर्टात चालायलाच नको होती, बाल न्याय मंडळापुढे जायला हवी होती. आणि या मुद्द्याला मुदत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९ पोटकलम २, घटनेच्या दिवशी मी बालक होतो हा दावा कुठल्याही कोर्टासमोर, कुठल्याही टप्प्यावर, केसचा अंतिम निकाल लागून गेल्यावरसुद्धा करता येतो, आणि माणूस आज चाळिशीचा झाला असला तरी. जुन्या २००० च्या कायद्यात हेच कलम ७ए मध्ये होतं. पोटकलम ३ असं सांगतं की वय सिद्ध झालं तर प्रकरण मंडळाकडे पाठवायचं आणि कोर्टाने दिलेली शिक्षा परिणामशून्य समजायची.

८ जानेवारी २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा ओमप्रकाश यांच्या केसमधला निकाल बघा. १९९४ ची घटना, तेव्हा तो १४ वर्षांचा, फाशीची शिक्षा, अपील, रिव्ह्यू सगळं फेटाळलेलं, राष्ट्रपतींनी फाशीची जन्मठेप केलेली, साधारण २५ वर्षं आत काढलेली. तरी शेवटी वयाचा मुद्दा ऐकला आणि सोडलं. तिथे ऐकतात तर ३२४ च्या केसमध्ये का नाही ऐकणार.

रेडीबंदर
पण मुलग्यांना १६ वय होतं ना पूर्वी? माझ्या मामाच्या वेळी तेच सांगितलं होतं.

ओरोसचा_वकील
तो १९८६ चा कायदा. १ एप्रिल २००१ पासून मुलगा असो मुलगी असो, १८. यांची घटना २००६ ची, त्यामुळे काही प्रश्नच नाही.

समुद्रफेन
मी हे वाचून हात थरथरत होते, दादाला फोन केला, तो काही बोललाच नाही बराच वेळ. मग आता अर्ज कुठे करायचा? ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच का? आणि १९ वय कबूल केलंय असं म्हणाले तर?

ओरोसचा_वकील
कलमात "कुठल्याही कोर्टासमोर" आहे, म्हणून काही वकील थेट त्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज लावतात. माझं मत वेगळं आहे. तिथे सरकारी पक्ष म्हणणार की निकाल लागला, आता या कोर्टाला अधिकार नाही, आणि तुम्ही त्या वादात अडकणार. त्यापेक्षा ओरोसला सेशनमध्ये रिव्हिजन, सोबत विलंब माफी, आणि त्याच रिव्हिजनमध्ये कलम ९(२) चा वेगळा अर्ज, वयाची चौकशी करा म्हणून. सेशनला रेकॉर्ड मागवायचा अधिकार आहे, दोषसिद्धी रद्द करायचाही आहे, चौकशी खालच्या कोर्टाकडून करून घ्यायचाही आहे. सगळं एका छताखाली होतं. विलंब माफीत हेच कारण लिहा, घटनेवेळी अल्पवयीन होता, वय पोलिसांनी कागद न बघता लिहिलं, सल्ला मिळाला तशी कबुली दिली, आणि नोकरीच्या पडताळणीत कळलं.

१९ लिहिलंय याने बिघडत नाही. वय आरोपीच्या बोलण्यावर ठरत नाही, कागदावर ठरतं. कलम ९४. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. ३७ व्या वर्षी हाडांच्या तपासणीला कशाला जायचं, दहावी झालाय ना.

खाडीपलीकडे
ताई, दाखल्याचं माझ्याकडून ऐका. दहावीचं बोर्ड प्रमाणपत्र काढाच, पण जिथे पहिलीत नाव घातलं त्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. पहिलीच्या प्रवेशाची नोंद १९९४ च्या आसपासची असणार, मारामारीच्या कितीतरी आधीची, कुणी म्हणू शकत नाही की केससाठी तारीख बदलली. उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक, मुख्याध्यापकांची सही, शिक्का बघून घ्या. शाळा पटसंख्येमुळे बंद झाली असेल तर रजिस्टरची केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा. कोर्ट मुख्याध्यापकांना मूळ रजिस्टर घेऊन बोलावू शकतं, मीही गेलोय साक्षीला. रजिस्टरमध्ये खाडाखोड आहे का ते आधीच बघा, असेल तर वकिलांना आधी सांगा.

चिपळूणची_वहिनी
सर, हे सोनं सांगितलंत.

घाटाखालचा
बाकीच्या सहा जणांचं काय? ते तर मोठे होते.

ओरोसचा_वकील
त्यांना वयाचा मुद्दा नाही. पण कबुली कशी नोंदवली यावर त्यांनाही रिव्हिजन आहे. सातही जणांचं "गुन्हा कबूल" एका ओळीत लिहून खाली सह्या घेतल्या असतील तर मुद्दा निघतो. दुसरं, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट १९५८. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं, आणि कलम ११ प्रमाणे हा आदेश अपील-रिव्हिजन ऐकणारं कोर्टही देऊ शकतं. कलम १२ सांगतं की अशा माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषी हा शब्द पुसला जात नाही, खातं वागणुकीचा विचार करू शकतं, पण ज्याला निवडणूक किंवा नोकरी आडवी येतेय त्याच्यासाठी हे मोठं आहे. २००९ ला दंडाऐवजी हेच मागितलं असतं तर सहाही घरांचा त्रास वाचला असता, याचं मला फार वाईट वाटतं. दोन्ही वाड्यांचं आता जमलं असेल तर जखमींची तडजोडही बघा, ३२३ आणि ५०४ रिव्हिजनमध्ये कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतात. ३२४ हे २००९ च्या शेवटी मिटवता येणाऱ्या यादीतून काढलं, त्याआधीच्या घटनेत मिटवू देतात का ते वकिलांना विचारा, आणि हायकोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात, जुनं ४८२ आणि आताचं ५२८, शिक्षेनंतरही तडजोडीचा विचार करू शकतं, २०२१ चा रामगोपाल निकाल. म्हणजे हायकोर्टाचं दार आहे, फक्त ते पहिलं दार नाही.

रेडीबंदर
कोल्हापूर झालं हे तरी बरं. आमच्या वडिलांच्या वेळी मुंबईला रात्रभर एसटीने जायचं, सकाळी पुकारा व्हायचा आणि तारीख पडायची.

आबा_हर्णै
१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही कोल्हापूर सर्किट बेंचला जोडले. दापोलीहून कोल्हापूरही जवळ नाही, पण आंबा घाट चढून दिवसात जाऊन येता येतं. रायगडवाल्यांना अजून मुंबईच.

समुद्रफेन
एक शेवटचं. दादाच्या साक्षांकन नमुन्यात "कधी शिक्षा झाली आहे का" असा रकाना आहे. ऑफिसमधला एकजण म्हणाला की बालक होता ना, मग नाही लिही. काय लिहू?

ओरोसचा_वकील
नाही लिहू नका. आज रेकॉर्डवर शिक्षा आहे आणि ती रद्द झालेली नाही. २०१६ चा अवतार सिंग निकाल याच विषयावर आहे, माहिती लपवली तर त्या एकाच कारणावर नोकरी जाऊ शकते, खरं सांगितलं तर खात्याला गुन्ह्याचं स्वरूप आणि तेव्हाचं वय बघून विचार करता येतो. "होय" लिहा आणि वेगळ्या कागदावर केस नंबर, घटनेची तारीख, जन्मतारीख, तेव्हा वय १७, शिक्षा काय, आणि रिव्हिजन दाखल केली असेल तर तिचा नंबर. सोबत बाल न्याय कायद्याच्या कलम २४ चा उल्लेख करा, त्या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं त्याला अपात्रता लागत नाही. २०१९ मध्ये रमेश बिश्नोई यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्रीय दलाच्या भरतीत अल्पवयातली जुनी केस आडवी आणू नका असंच सांगितलं होतं. खात्याला एक विनंती अर्जही द्या, निकाल येईपर्यंत यादीतलं नाव वगळू नये म्हणून, आणि पोच घ्या.

वकिलाची फी जड जात असेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. ताई तुम्ही अर्जदार असता तर बाई म्हणून उत्पन्न न बघताच मोफत वकील मिळाला असता, दादाला उत्पन्नाचा दाखला लागेल.

समुद्रफेन
नकला मिळाल्या. रोजनाम्यात एकच ओळ आहे, "आरोपी क्र. १ ते ७ यांनी गुन्हा कबूल केला". खाली सात सह्या, दादाची सही शाळेतल्या वहीवर करायचा तशी, पूर्ण नाव, आडनावासकट. दोषारोपपत्रात वय १९. शाळेच्या उताऱ्यात खाडाखोड नाही, १२ नोव्हेंबर १९८८ स्वच्छ लिहिलंय. वकील ठरले, पुढच्या आठवड्यात ओरोसला रिव्हिजन दाखल होतेय, बाकीच्यांपैकी चौघंही सोबत यायला तयार झालेत.

ओरोसचा_वकील
त्या चौघांची रिव्हिजन वेगळी दाखल करा, एकत्र नको. दादाचा मुद्दा कागदावर लवकर निघेल, त्यांचा रेंगाळू शकतो, आणि त्यांच्यासाठी दादाला थांबायला लावू नका.

समुद्रफेन
वेगळीच करतो. वकिलांना आजच सांगते.